रुख्माबाईंचा मास्क

रुख्माबाईंनी मास्क पहिल्यांदा ढकलला तेव्हा मयुरीला त्यात काही विशेष वाटलं नाही. ऑपरेशनच्या टेबलावर माणसं काय काय करतात ते तिनं अकरा वर्षांत भरपूर पाहिलं होतं. कोणी डॉक्टरचं मनगट सोडत नाही, कोणी ऐन वेळी घरी जायचं म्हणतं. सेलूचे एक मास्तर तर भुलीचं औषध नसेत जाईपर्यंत तिला भूमितीचा सिद्धांत समजावून सांगत होते. त्यामानानं मास्क ढकलणं म्हणजे रोजचंच.

डॉ. मयुरी थूल भूलतज्ज्ञ होती. तिचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घरून सकाळी गाडी काढायची, डिकीत आपली सामानाची पेटी टाकायची आणि ज्या सर्जनचा फोन येईल तिकडे जायचं, कधी वर्धा, कधी सेलू, कधी हिंगणघाट. त्या डिसेंबरच्या सकाळी ती वर्ध्यातल्याच एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात आली होती. सर्जन होते डॉ. गजेंद्र वानखेडे. त्यांच्या यादीत त्या दिवशी चार ऑपरेशनं होती आणि पहिलं नाव रुख्माबाईंचं.

रुख्माबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. जाम गावच्या चौरस्त्यावर त्यांचं तर्री-पोह्यांचं दुकान होतं. नागपूर, हैदराबाद, चंद्रपूरकडे जाणारे ड्रायव्हर तिथं थांबायचे. नवरा असताना दोघं मिळून चालवायचे, आता त्या आणि मुलगा मुकेश. पित्ताशयात खडे झाले होते, दोन महिन्यांत तीनदा पोट धरून लोळायची पाळी आली होती. बाई अंगानं भारी, मान आखूड, हनुवटीखाली मांस. मयुरीनं आदल्या दिवशी तपासताना हे सगळं कागदावर नीट लिहून ठेवलं होतं. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं नाही. पुढे कितीतरी दिवस हीच गोष्ट तिला जास्त छळत राहिली.

भुलीचं औषध गेलं की माणसाचा श्वास थांबतो. मग भूलतज्ज्ञ घशातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि मशीन श्वास देऊ लागतं. मधला जो वेळ असतो, त्यात शरीर जगतं ते फुफ्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर. म्हणून औषध देण्याआधी तोंडावर मास्क घट्ट बसवून तीन मिनिटं निव्वळ ऑक्सिजन द्यायचा, डोक्याची बाजू वर उचलून ठेवायची. साठा भरलेला असला तर नळी घालायला उशीर झाला तरी निभावतं. लठ्ठ माणसाचा साठा मुळातच लहान, आणि तो संपतोही भराभर. त्यांच्या बाबतीत ही तीन मिनिटं सोडायची नसतात. मयुरी नव्या मुलांना हेच शिकवायची.

"मावशी, नुसता ऑक्सिजन आहे. नाकातोंडावर धरते, मोठे श्वास घ्या," ती म्हणाली.

"नोको," रुख्माबाई म्हणाल्या आणि मास्क पुन्हा बाजूला सारला. त्यांचे डोळे छताला लागले होते. "तो लावू नोका मॅडम. सुई टोचा, काई करा. तो नोको."

"घाबरू नका. याशिवाय नाही होत."

तिसऱ्यांदा त्यांनी मयुरीचा हातच धरला. पकड अशी की मयुरीच्या मनगटावर बोटं उमटली. ऑपरेशन थिएटरमधला टेक्निशियन अश्वजित पुढे येऊन समजावू लागला, "मावशे, काऊन असं करून राह्यली? सगळ्यायलेच लावतेत हे." रुख्माबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाळावर घाम आला होता. श्वास उथळ, भराभर.

हात धुऊन उभे असलेले डॉ. वानखेडे घड्याळाकडे पाहत होते. "मॅडम, सॅच्युरेशन अठ्ठ्याण्णव आहे. द्या ना औषध. बाहेर अजून तीन पेशंट उपाशी बसलेत."

मॉनिटरवर खरंच अठ्ठ्याण्णव होतं. मयुरीनं मास्क रुख्माबाईंच्या तोंडापासून दोन बोटं दूर धरला, वाऱ्यासारखा थोडा ऑक्सिजन लागेल एवढा. अर्धं मिनिट झालं असेल. बाईंचं डोकं उशीवर सपाट होतं. वर उचलायचं राहून गेलं होतं. अठ्ठ्याण्णव हा आकडा रक्तातल्या ऑक्सिजनचा असतो, फुफ्फुसातल्या साठ्याचा नसतो, हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिनं सिरिंज दाबली.

रुख्माबाईंचे डोळे मिटले. पाठोपाठ स्नायू सैल करणारं औषध गेलं. श्वास थांबला. आता मात्र मयुरीनं मास्क घट्ट दाबला आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी पिळली.

छाती हललीच नाही.

तिनं जबडा वर ओढला, पुन्हा पिळली. हवा मास्कच्या कडेनं फसफस निसटली. "अश्वजित, तू पिशवी दाब, मी दोन्ही हातांनी धरते." त्यानं दाबली. थोडं काहीतरी आत गेलं, पोटात की छातीत कळेना. मॉनिटरचा आवाज, जो माणूस ठीक असताना एका सुरात टिकटिकतो, तो खाली उतरायला लागला. तो खाली उतरणारा सूर ज्यानं ऐकला आहे त्याला मॉनिटरकडे बघावं लागत नाही. तरी तिनं बघितलं. एक्क्याण्णव. चौऱ्याऐंशी.

"लॅरिंगोस्कोप."

तिनं त्याच्या दिवा लावलेल्या पात्यानं जीभ उचलून घशात पाहिलं. नुसतं गुलाबी मांस दिसलं. ज्या फटीतून नळी जायची ती कुठेच दिसेना. सत्तर. तिनं अंदाजानं नळी सारली, ती अडली. एकसष्ट. तिनं बाहेर काढली, पुन्हा मास्क, पुन्हा पिशवी. बावन्न. रुख्माबाईंचे ओठ जांभळे व्हायला लागले होते, मग कानाच्या पाळ्या. अकरा वर्षांत तिनं हा रंग जिवंत माणसाच्या तोंडावर एवढा गडद कधी पाहिला नव्हता.

"मॅडम..." डॉ. वानखेडे म्हणाले.

"चादरी दे! खांद्याखाली घाल, डोक्याखाली घाल, जेवढ्या असतील तेवढ्या!" मयुरी ओरडली. "उचल रे लवकर!"

अश्वजितनं आणि वानखेड्यांनी दोन्ही बाजूंनी रुख्माबाईंना उचललं. निर्जंतुक हातमोजे, गाऊन, सगळं विसरून ते वाकले होते. खाली तीन-चार चादरींच्या घड्या गेल्या, डोकं आणि छाती वर आली. चव्वेचाळीस. हृदयाचे ठोके बेचाळीसवर आले होते, दोन ठोक्यांमध्ये एवढी जागा पडायची की मयुरीला वाटायचं आता पुढचा येतच नाही. तिनं पुन्हा घशात पाहिलं. या वेळी खालच्या बाजूला एक पांढुरकी कड दिसली. तिनं तिथून लवचिक सळी घातली, सळीवरून नळी सरकवली. अश्वजितनं पिशवी जोडून दाबली.

छाती उचलली गेली. दोन्ही बाजूंनी, सारखी.

पण आकडा उतरतच राहिला. एकोणचाळीस. सदतीस. नळी बरोबर जागी होती, मशीन तसं दाखवत होतं, पण फुफ्फुसातली हवा रक्तातून बोटापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, हे तिला पाठ होतं. पाठ असणं वेगळं. ते वीस-पंचवीस सेकंद ती नुसती सदतीसकडे बघत उभी राहिली आणि तिला वाटलं, मी एका बाईला मारलं. अठ्ठावन्न वर्षांची, पोहे विकणारी, नुसते खडे काढायला आलेली बाई.

मग एकेचाळीस आला. मग त्रेपन्न. मग एकदम अठ्ठ्याहत्तर, नव्वद, शहाण्णव. सूर चढत वर गेला. अश्वजित भिंतीला टेकून खाली बसला.

डॉ. वानखेडे टेबलाजवळ आले. "आता नळी आहे. स्टेबल आहे. करून टाकू का?"

"नाही. उठवायचं."

"मॅडम, पुन्हा भूल द्यावी लागेल, पुन्हा हेच..."

"सर, त्यांचा मेंदू शाबूत आहे की नाही तेच मला माहीत नाही. मी त्यांना उठवणार आहे."

डॉ. वानखेडे गाऊन काढून खुर्चीवर जाऊन बसले. बाहेरच्या तीन पेशंटचा विषय त्यांनी काढलाही नाही.

औषधाचा अंमल उतरायला पाऊण तास लागला. मयुरी रुख्माबाईंच्या डोक्याशी उभी होती, त्यांच्या तळहातात स्वतःची दोन बोटं ठेवून. या हातांनी काही मिनिटांपूर्वी तिचं मनगट दाबलं होतं, आता ते ओल्या फडक्यासारखे पडले होते. "मावशी, हात दाबा. मावशी." काही नाही. "रुख्माबाई, हात दाबा." पापणी हलली. आणि मग बोटं आवळली गेली, आधी हलकी, मग चांगली जोरात. मयुरीनं नळी काढली. रुख्माबाई खोकल्या, इकडेतिकडे पाहिलं.

"झालं का मॅडम? निंगले खडे?"

मयुरीनं नुसती मान हलवली, नाही अशी.

बाहेर मुकेश उभा होता. त्याच्याकडे जाण्याआधी दाराशी डॉ. वानखेड्यांनी मयुरीला थांबवलं. "काय सांगणार आहात? बी.पी. कमी झालं म्हणून थांबवलं, एवढं पुरेसं आहे. सगळं सांगून उगाच..."

"ऑक्सिजन गेला होता, सर. आणि आपल्या घाईनं गेला. माझ्या."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला," आणि आश्चर्य म्हणजे तेही बरोबर आले.

तिनं मुकेशला काही न लपवता सगळं सांगितलं. आईंनी मास्क लावू दिला नाही, तेव्हा मी थांबायला हवं होतं, मी थांबले नाही, औषध दिल्यावर ऑक्सिजन फार खाली गेला, आता त्या शुद्धीवर आहेत, बोलतायत, पण दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल. मुकेश तिशीतला, दाढी वाढलेला, हातात डब्याची पिशवी. तो ओरडेल, अंगावर येईल, माणसं गोळा करेल, असं तिला वाटलं होतं. त्यासाठी ती तयार होती.

"किती?" त्यानं विचारलं.

"काय?"

"किती झाला होता?"

"सदतीस."

मुकेश बाकावर बसला. "बाबाचा एकसष्ट होता मॅडम, एकवीस साली. कोरोनात. तेवा डॉक्टरनं आमाले सांगतलं का पाहुण्यायले फोन करून ठेवा म्हणून." तो पिशवीकडे बघत होता. "सदतीस असते का कोनाचा? सदतीसवर मानूस वापस येते?"

मयुरी त्याच्या शेजारी बसली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती हॉस्पिटलात गेली. मुकेश चहा आणायला खाली गेला होता. रुख्माबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तिनं त्यांना वार विचारला, मुलाचं नाव, दुकानात पोहे किती वाजता उतरतात. सगळं बरोबर आलं. "साडेसहाले पयला घाना," त्या म्हणाल्या, "तुमी कवा तिकडून गेल्या त येजो."

मयुरी खुर्ची ओढून बसली. "मावशी, माझं चुकलं. तुम्ही नको म्हणत होत्या, तर मी ऑपरेशन थांबवायला पाहिजे होतं. मुकेशनं सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगतलं."

"पण मला एक विचारायचं आहे. तुम्हाला मास्कची एवढी भीती का वाटते?"

रुख्माबाई खिडकीकडे बघू लागल्या.

"मुकेशचे बाबा दवाखान्यात होते नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "तवा मानसं कमी होती तिथं. एका पेशंटजवळ एका जनाले ऱ्हाऊ देत. मुकेश बाहेर, मी आत. त्यायले मास्क लावलता. ते काढून फेकत. म्हणत, जीव घाबरते, काढ. सिस्टर म्हने, मावशी, काढू देऊ नोका, दाबून धरा. मंग मी दाबून धरो. ते माहे हात ओढत. मोठा मानूस, ताकद होती त्यायले. नखं लागली माह्या हाताले. मी दाबूनच धरो."

मयुरी ऐकत होती.

"नवव्या दिवशी सकाळी ओढनं थांबलं. मले वाटलं, चला, सवय झाली, आता आराम पडला त्यायले. मी तसाच धरून बसली. अर्धा घंटा धरून बसली मॅडम. मंग सिस्टर आली अन् म्हने, सोडा आता." रुख्माबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे कोरडे होते. "माह्या हाताखाली गेला मानूस. मीच दाबला त्यायचा श्वास. हे मी कोनाले सांगतलं नाई. मुकेशलेबी नाई."

एकवीस साली मयुरी स्वतः अशाच एका वॉर्डात होती, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. 'दाबून धरा' हे शब्द तिनं किती नातेवाइकांना सांगितले होते त्याला गणती नव्हती. सांगून ती पुढच्या खाटेकडे गेली होती. मागे राहिलेल्या माणसाच्या हातात आपण काय देऊन चाललो, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आणि काल त्याच बाईच्या तोंडावर तिनं वरून मास्क आणला होता, तीनदा.

"मावशी," ती म्हणाली, "मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांचं काय झालं ते मी छातीठोक सांगू शकत नाही. पण तसल्या मास्कनं श्वास कोंडत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांचा जीव घाबरत होता तो आजारानं. फुफ्फुसं भरली होती. तुम्ही मास्क धरून ठेवला म्हणून त्यांना ऑक्सिजन मिळाला. तुम्ही सोडला असता तर ते नऊ दिवससुद्धा मिळाले नसते."

रुख्माबाईंना पटलं असं दिसलं नाही, नाही पटलं असंही नाही. मुकेश चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी पदरानं खाटेची कड पुसली आणि म्हणाल्या, "मॅडमले दे आधी."

खडे आतच होते, दुखणं कधीही उठणार होतं. मुकेशनं नागपूरला नेण्याची तयारी केली, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मयुरीनं स्वतः तिथल्या एका डॉक्टरचं नाव लिहून दिलं. पण तीन आठवड्यांनी डॉ. वानखेड्यांचा फोन आला. रुख्माबाई नागपूरला नको म्हणून परत आल्या होत्या. म्हणत होत्या, तीच मॅडम पाहिजे, तिले सगळं माहीत आहे.

मयुरीनं फोन ठेवला आणि रुख्माबाईंच्या तपासणीचा जुना कागद काढून पुन्हा वाचायला घेतला.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती मास्क घेऊन त्यांच्या खाटेशी गेली. नळी नाही, मशीन नाही, नुसता मास्क. त्यांच्या हातात दिला. "हा तुम्हीच धरायचा. मी नाही धरणार. जीव घाबरला तर तुम्हीच काढायचा, कोणी काही म्हणणार नाही. पण औषध तेव्हाच देईन जेव्हा तुमची तीन मिनिटं भरतील." मग साठ्याचं, श्वासाचं सगळं समजावलं.

रुख्माबाईंनी मास्क उलटापालटा करून पाहिला. "म्हंजे दुकानात गॅसचं दुसरं सिलिंडर भरून ठेवनं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक बसलं असते अन् पयलं संपते. दुसरं भरलं असन त मानूस घाबरत नाई, बदलवून घेते."

"तेच," मयुरी म्हणाली.

सकाळी टेबलाची डोक्याची बाजू वर उचललेली होती, खांद्यांखाली चादरींच्या घड्या आधीच रचलेल्या होत्या. रुख्माबाई जवळजवळ बसलेल्याच होत्या. नाकात बारीक नळीनं वेगळा ऑक्सिजन चालू होता, तो नंतर श्वास थांबला तरी जात राहणार होता. त्या दिवशी यादीत दुसरं नाव नव्हतं. डॉ. वानखेडे कोपऱ्यात हात बांधून उभे होते आणि घड्याळाकडे बघत नव्हते.

रुख्माबाईंनी मास्क हातात घेतला, तोंडाजवळ नेला, खाली आणला. पुन्हा नेला. एकदा डोळे गच्च मिटले, घशातून आवाज आला, आणि मयुरीनं मनात ठरवून टाकलं की आज नाही झालं तर नाही. मग त्यांनी मास्क नाकातोंडावर टेकवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. आतून मास्क धुरकटला, निवळला, पुन्हा धुरकटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मास्कच्या कडेवरून मानेवर जात होतं. कोणी पुसलं नाही. एक मिनिट. दोन. अश्वजित भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता. तीन झाल्यावर त्यानं मान हलवली. मयुरीनं आणखी एक मिनिट जाऊ दिलं.

औषध गेलं. हात सैल पडताना मयुरीनं मास्क आपल्या हातात घेतला. नळी पहिल्याच वेळी गेली. आकडा नव्याण्णवच्या खाली एकदाही आला नाही. सूर एकसारखा चालला होता. सगळं सुरळीत होतं, तरी मयुरीला स्टूल ओढून बसावं लागलं.

संध्याकाळी ती तपासायला गेली तेव्हा वॉर्डाच्या दारातच थांबली. रुख्माबाई मुकेशशी बोलत होत्या. आवाज भुलीनं जड होता, पण शब्द कळत होते. नऊ दिवस, नखं, अर्धा घंटा. त्या सगळं सांगत होत्या.

मुकेश खाटेच्या कडेला बसला होता.

"आई," तो म्हणाला, "मी पाहो न खिडकीतून. रोज पाहो. मागच्या बाजूनं चढून. तू धरून बसली असे, रातदिवस. मी गावात सगळ्यायले सांगतलं, आईनं बाबाले नऊ दिवस जिवंत ठेवलं. तू काय समजून राह्यली होती चार वर्सं?"

रुख्माबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या हातातली पाण्याची बाटली कलंडली आणि चादरीवर सांडली, ते त्यांना कळलं नाही.

मयुरी मागच्या पावली जिन्यापर्यंत आली. खाली गाडीशी अश्वजितनं पेटी आणून ठेवली होती. "मॅडम, उद्या सेलूले जायचं आहे ना? नऊले?" त्यानं विचारलं.

"साडेआठला," ती म्हणाली. "आधी पेशंटशी बोलायचं आहे."